हुंदके देणारी भिंत

शनिवारी दुपारी राजवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. राजवाडा म्हणजे नदीकाठी उरलेली एक वेस आणि अर्धी भिंत. बाकीच्या विटा आमच्या पूर्वजांनी कोंबड्यांच्या खुराड्यांना लावल्या. त्या भिंतीच्या भोकातून चारशे वर्षांपूर्वी वारलेली राणी रडायची. तिचं म्हणणं मात्र एकट्या पार्जिटरसाहेबांना कळायचं.

"राणीसाहेब चार वाजून दहा मिनिटांनी येतील," मखमली कोट झटकत ते म्हणाले. "टोप्या काढा. शंकेखोरांनी मागं उभं राहावं, राणीसाहेबांना शंका सोसत नाही."

चार दहाला खरोखरच भिंतीतून लांब हुंदका आला. माझ्या टपरीवरचे लोक चहा टाकून धावले.

माझी शेजारीण एनिड पहिल्या रांगेत होती. तिला जुना मधुमेह. हुंदक्याचा अर्थ पार्जिटरांनी तिला सांगितला होता: इन्सुलिनची सुई सोड, इथलं पाणी पी. आता तिचे ओठ सुकले होते, उभ्या उभ्या झोक जात होता.

ते बघून नदीवर होडी चालवणारी हिल्डा पुढं आली. "एनिड, सुई कधी घेतलीस?"

"गुरुवारी. राणी नको म्हणाली."

"ही राणी उद्या पाचला रडेल, परवा सहाला दहा कमी असताना. भरतीचं वेळापत्रक माझ्या खिशात आहे. साहेबांच्या खिशातही तेच निघेल, तपासा."

"राणीसाहेब रागावतील," पार्जिटर म्हणाले.

"रागावू देत."

वाड्याचं जुनं गटार हिरवळीखालून नदीत जातं. हिल्डानं पहारीनं त्याचं लोखंडी झाकण उचललं. राणी गप्प. झाकण ठेवलं, राणी पुन्हा हुंदके देऊ लागली. चौथ्या वेळी लोक हसायला लागले. भरतीचं पाणी गटारात चढायचं, आतली हवा भिंतीच्या भोकातून रेटायचं, आणि झाकण उघडं असलं की ती तिथूनच निसटायची, एवढंच. पार्जिटर तेवढ्यात वेशीबाहेर पडले होते.

एनिड हसली नाही. "मग माझ्याशी बोललं कोण?"

"पार्जिटर," हिल्डा म्हणाली आणि तिनं एनिडला धरून माझ्या गाडीत बसवलं. आम्ही थेट इस्पितळात गेलो. आणखी एक दिवस गेला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

भिंतीतून आवाज आला तर जरूर ऐका. मग तो कुठून येतो ते खाली वाकून बघा. आणि सुई सोडायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा.