ऐकण्याचा महिना

पुढारीण आमच्याकडे राहायला आली तेव्हा सूनबाईला आठवा महिना लागला होता आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याला कुलूप होतं.

पोरीचं नाव दुसरंच काहीतरी होतं. पण जगात गरिबालाही श्रीमंतासारखंच औषधपाणी मिळावं म्हणून तरुण पुढारी तयार करणारी एक मोठी संस्था आहे, तिथून ती आली होती. म्हणून आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तिला पुढारीण म्हटलं. तिला ते आवडलं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण आवडनिवड बोलून दाखवायची तिला परवानगी नव्हती. पहिला महिना या मुलांनी एखाद्या घरात राहून नुसतं ऐकायचं, असा नियम. सल्ला द्यायचा नाही, मत द्यायचं नाही आणि शब्द तर कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही. महिना संपला की त्यांच्या शिकवणाऱ्या बाई येऊन घरच्यांकडे चौकशी करणार. नियम मोडला असेल तर नापास.

"तिखट चालतं ना तुला?" मी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं, आजी?"

मी वाढलं ते तिने खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, पण मत काही आलं नाही.

आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यापासून ते ब्रेकबद्दल बोलतात. भरलेली बस, मोठा उतार आणि ब्रेक लागत नाही, अशी एक गोष्ट आहे. ती ऐकायला आमच्या घरात कुणी उरलं नव्हतं. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला गेला, त्यामागे हेही एक कारण असावं. पुढारीण मात्र त्यांच्यासमोर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, "मग काय झालं?"

हे गडबडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट सांगायच्या आधी ते दाढी करायला लागले.

सूनबाई तिच्याशी फारशी बोलत नसे. एका दुपारी मी खाली माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी होते. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती, पुढारीण तिच्या शेजारी बसून ऐकत होती. म्हणजे सूनबाई जे बोलत नव्हती ते ऐकत होती. मध्येच सूनबाई म्हणाली, "माझी वेळ येईल तेव्हा दवाखाना उघडा असेल का गं?"

पुढारीण म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

सूनबाईने हातातली चादर खाली ठेवली. "मागच्या वेळी कुलूप होतं. नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला शेजाऱ्यांची गाडी घेतली, सासऱ्यांनी चालवली. पुलावर गाड्या अडकलेल्या. बाळ गाडीतच झालं. रडलं नाही." मग तिने चादर परत उचलली. "मला काय वाटायचंय?"

पुढारिणीच्या नियमात या प्रसंगाची सोय नव्हती. तिने उठून चादरीचं दुसरं टोक धरलं.

दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स होती, चांगली होती. तिला आरोग्य खात्याच्या साहेबांनी मुख्य कचेरीत बोलावून घेतलं आणि दारावर पाटी लागली : 'तात्पुरते बंद'. मी साठीनंतर अक्षरं शिकायला बसले ती त्याच सुमाराला. 'तात्पुरते' वाचायला मला बरेच महिने लागले. तरी घाई केली असं म्हणायला हवं, कारण माझं वाचून झालं तेव्हाही ते तात्पुरतंच चालू होतं. मी कचेरीत दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी घरी आले.

एव्हाना माझ्या एक लक्षात आलं होतं. पुढारिणीसमोर माणूस गप्प बसू शकत नाही. ती डोळे मोठे करून, मान जरा कलती करून बघत राहते, आणि समोरच्याला वाटतं की आपलं अजून काहीतरी सांगायचं राहिलंय. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने तिला आपण होऊन सांगितलं की त्याचा काटा थोडा त्याच्या बाजूचा आहे. तिने विचारलंही नव्हतं, साबण घ्यायला गेली होती. ही विद्या आमच्यावर कशाला वाया घालवायची? आमच्याकडचं ऐकण्यासारखं एका वाक्यात संपत होतं : दवाखाना उघडा. न ऐकलेलं जे काही होतं ते सगळं साहेबांपाशी.

"पोरी, साहेबांचं ऐकायला येतेस का?"

"आम्हाला लोकांचं ऐकायला सांगितलंय, आजी."

"मग साहेब कोण, खुर्ची?"

ती विचारात पडली. "याच्यावर मला मत देता येत नाही," असं म्हणाली आणि चपला घातल्या.

साहेबांचे शर्ट इस्त्रीला माझ्याकडेच येतात. ते हातावर टाकून आम्ही कचेरीत गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "कपडे घरी द्यायचे असतात, मावशी."

"एका शर्टाला डाग राहिलाय, साहेबांना दाखवते."

"कसला डाग?"

"तू बघणार का? मग साहेबांना तूच सांग."

त्याने दार उघडून आत सांगितलं, "साहेब, शर्टाच्या डागाचं आहे."

साहेबांनी मला पाहिलं आणि चेहरा शांत केला. मी शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकले, दवाखान्याचं वाक्य बोलले आणि बाजूला सरकले. माझ्या मागून पुढारीण पुढे आली, बसली आणि तिने मान कलती केली.

"प्रस्ताव वर पाठवलेला आहे," साहेब म्हणाले.

"मग काय झालं?"

"वरून उत्तर नाही."

"मग?"

"मग आम्ही वाट पाहतोय."

"तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई छताकडे पाहत होता. पंखा फिरत होता. पुढारीण बघत राहिली. मला त्यांची दया येणार होती, पण मी आवरलं.

"तसं पाहिलं तर," साहेब म्हणाले, "नर्स आहे. म्हणजे गेलेली नाही कुठे. इथेच आहे, मागच्या हॉलमध्ये. मोठा कार्यक्रम चालू आहे ना आमचा. बाहेरून पाहुणे येतात. त्यांची हजेरी, राहायची सोय, चहा... कुणीतरी जबाबदार माणूस लागतं. एक तुकडी गेली की दुसरी येते."

"कसली तुकडी?"

"तुमचीच की," साहेब म्हणाले. "तरुण पुढाऱ्यांची."

पुढारिणीची मान सरळ झाली.

"चहाच्या टेबलापाशी असतात, त्या बाई?" ती म्हणाली. "माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं त्या?"

"फार व्यवस्थित आहेत," साहेब म्हणाले.

मग तिने अगदी नियमात बसेल असं विचारलं, "आम्ही आमचा चहा आमच्या हाताने घेतला, तर तुम्हाला काय वाटेल?"

साहेबांना पटकन काही वाटेना. त्यांनी सवयीने फोन उचलला, की वर विचारावं. मग परत ठेवला आणि मला म्हणाले, "सोमवारपासून पाठवतो. पण डाग कुठेय?"

"गेला वाटतं," मी म्हटलं.

घरी पोचल्यावर पुढारीण चपला न काढता सूनबाईपुढे जाऊन उभी राहिली. "ताई, उघडा असेल," ती म्हणाली. "नसला तर मी कुलूप तोडेन."

सूनबाईने तिच्याकडे आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "बोलता येतं की तुला."

सोमवारी नर्स आली. पाटी तिने स्वतः काढली आणि सूनबाईला तपासून म्हणाली, "पाय फार सुजलेत. रोज येऊन जायचं." महिनाअखेरीला शिकवणाऱ्या बाई आल्या. मी कानांवर हात ठेवणार होते, पण पुढारिणीने स्वतःच सगळं सांगून टाकलं : सल्ला नाही, मत नाही, शब्द मात्र दिला. बाईंना तो चालला नाही. तिला नापास केलं आणि ऐकण्याचा महिना पुन्हा करायला लावला, त्याच घरात. आमच्या ह्यांनी आनंदाने नवं ब्लेड आणलं.

सूनबाईच्या पोटात दुखायला लागलं ते सकाळच्या चहानंतर. चालत गेलो. दार उघडं होतं. नर्सने तिला आत घेतलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं.

दुपार चढली. आतून नर्सचा आवाज यायचा, मग तोही थांबायचा. ह्यांचे हात गुडघ्यांवर स्टिअरिंग धरल्यासारखे घट्ट होते. असं झालं की ते बोलायला लागतात. "तर बस भरलेली," ते म्हणाले, "आणि समोर तो उतार..."

"आजोबा," पुढारीण म्हणाली, "जरा गप्प बसा."

हे बघतच राहिले.

"मला ऐकायचंय," ती म्हणाली. ती उठून दाराला कान लावून उभी राहिली. मीही उठले. हे आमच्या मागे येऊन उभे राहिले, तोंड मिटून. आम्ही तिघं तसेच उभे असताना आत ते रडलं, चांगलं मोठ्याने, आणि बराच वेळ थांबलं नाही.