सुटलो एकदाचा!

मित्रांनो, तीन चाकं, एक आडवी दांडी आणि अंगात भरपूर खुमखुमी, एवढंच माझं भांडवल! मी मेढ्याकडचा एक जुना पांगुळगाडा आहे. माझी दांडी धरून उभं राहायचं आणि मला ढकलत चालायला शिकायचं.

रसूलचाचा सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. शेवटचं चाक ठोकून म्हणाले, "जा गड्या, पोरं पळीव!" मग काय, कितीतरी घरं फिरलो. फिरत फिरत लालासाहेबांकडे आलो. हे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. त्यांची नात शिवांजली दीड वर्षाची झाली तरी चालेना. चालणार कशी? आजी मनुबाई तिचा पाय जमिनीला लागू देतील तर ना!

त्यात अंगण उताराचं. पोर घरंगळेल म्हणून मनुबाईंनी मला चक्क बैलाचा कासरा बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं! मी जरा पुढे सरकलो की खसकन मागे. शिवांजली रडायची, मी मनात चरफडायचो. अहो, मी काय औताचा बैल आहे?

तिकडे बाजेवर लालासाहेबांची तीच गत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाणी मागायच्या आत मनुबाई तांब्या घेऊन हजर. "तुमी उठू नगा. पडलासा म्हंजी?" सुभेदार स्वतःही घाबरलेले होते, दाखवत नव्हते एवढंच.

सून अंकिताला हे बघवेना. एके सकाळी तिने सरळ कासरा सोडला.

"आवं आत्या, पडंल, उठंल. पडल्याबिगर कुनी चाललंय का?"

"आगं, दात पडत्याल की पोरीचं!" मनुबाई ओरडल्या, पण चुलीवर दूध उतू जायला लागलं म्हणून आत धावल्या.

शिवांजलीने दांडी गच्च धरली. ढकललं. आणि मित्रांनो, मी सुटलो! खडखड, खडखड! काय सांगू तो आनंद!

"अंकिता, धर की तिला!" बाजेवरून लालासाहेब ओरडले.

अंकिता लेकीच्या शेजारूनच चालत होती, पण तिने हात पुढे केला नाही. "मामा, तुमीच या की धरायला!"

लालासाहेबांनी काठी टेकली, दात आवळले आणि उठले. इतक्यात शिवांजलीचा हात सुटला. मी एकटाच धडधडत जाऊन उकिरड्यात तोंडघशी पडलो. नाकातोंडात शेण! तशाच अवस्थेत पाहतो तर पोरगी ढप्पकन बसली, इकडेतिकडे बघितलं, उठली आणि डुलत डुलत आजोबांकडे निघाली. आजोबा लंगडत तिच्याकडे निघाले होते.

मनुबाई सांडशी टाकून धावत आल्या.

"खबरदार! हात लावू नगंस!" सुभेदार गरजले. "आमी दोगं बी चालतुया!"

मनुबाई जागीच थांबल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या, रडतही होत्या.

संध्याकाळपर्यंत मला कुणी उकिरड्यातून काढलं नाही. कुणाला आठवणच नव्हती माझी! मित्रांनो, शपथेवर सांगतो, इतका खूश मी कधीच झालो नव्हतो. तुमच्याही घरी चिमुकलं असेल, म्हातारं माणूस असेल. जवळ राहा, लक्ष ठेवा, पण हात जरा मागेच असू द्या. आणि मला धुऊन, चाकांना तेल घालून लवकर पलीकडच्या आळीतल्या शाहनवाजच्या घरी पोचवा. त्याची लेक अरिबा भिंत धरून उभी राहायला लागलीय म्हणे!