कोरडी पालुसामी

"हात मागे घ्या, मावशी!" चर्चला निघालेली माकेरिता नर्स कुंपणापलीकडून ओरडली, तसा अनालोसाने खवणीकडे गेलेला हात चटकन मागे घेतला.

"अगं, पण अर्धाच नारळ खवलाय पोरानं! नुसता बसलाय."

"बसू दे."

"रविवारचं जेवण आहे, बाई. भाऊ यायचाय माझा. घराण्याचा प्रमुख आहे तो!"

"मग पालुसामी कोरडी होईल. अळूत नारळाचं दूध कमी पडलं म्हणून कुणी मरत नाही."

अनालोसाचा थोरला मुलगा पेलेनातो खवणीपाशी बसून कोंबड्यांकडे बघत होता. मनाच्या आजारावरची इंजेक्शनं सुरू झाली आणि त्याच्या कानात बोलणारे आवाज गेले. पण जाताना पोराची हौस, बोलणं, हसणं सगळंच घेऊन गेले, असं तिला वाटे. गाव म्हणे, बरा झालाय, आता नुसता आळस. माकेरिता म्हणे, हाही आजारच. त्यावर औषधाची मात्रा फारशी चालत नाही. त्याला माणसांत बसवा, झेपेल तेवढं काम द्या आणि ते त्यालाच करू द्या. हे शेवटचं काही अनालोसाला जमेना. पोराला घास भरवायचंच काय ते तिने बाकी ठेवलं होतं.

बऱ्याच वेळाने पेलेनातोने दुसरी कवड उचलली, थोडी खवली, ठेवून दिली. अनालोसा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

दुपारी मामांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "अळूच्या पानांत नारळाचं दूध घालतात, का नुसतं दाखवतात? कुणाच्या हातची ही पालुसामी?"

अनालोसा "माझ्या" म्हणणार, तोच मामांच्या ताटावरच्या माशा वारत बसलेला पेलेनातो म्हणाला, "माझ्या."

या पोराशी सगळे हळू आवाजात बोलत. मामांना हळू आवाज ठाऊकच नव्हता. "एवढा धिप्पाड गडी, आणि नारळ खवताना हात दुखले?"

"दुखले. पुढच्या रविवारी तुम्ही खवा, मामा."

पेलेनातोच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. घराण्याच्या प्रमुखाला असं बोलायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग मामांचं पोट हलू लागलं आणि ते गदागदा हसले.

"मोठ्यांना असं बोलतात होय रे, मेल्या?" अनालोसा कडाडली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरावर रागावून वर्षं लोटली होती. तो आजारी पडल्यापासून तिने त्याची नुसती कीवच केली होती. तिला फार बरं वाटलं. म्हणून शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात तिने त्याला पुन्हा एकदा झापलं.