हाताला सुटणारा कनेक्टर

अर्धांगवायूतून उठलो, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. छंदाची रिमोटची गाडी डाव्या हाताने चालवायला शिकलो. बॅटरी बदलताना तिला गाडीशी जोडणारा कनेक्टर मात्र काही केल्या सुटेना. दर वेळी कुणाला तरी हाक मारायची लाज वाटे. शेवटी गाडी माळ्यावर टाकायला निघालो, तेव्हा सूनबाईने मला अशा गाड्यांच्या दुकानात नेलं.

"सगळे हाच नेतात," दुकानदार एक कनेक्टर दाखवत म्हणाला. "गच्च बसतो, भरपूर करंट सोसतो."

"गच्च बसणाराच नकोय," ती म्हणाली. "बाबा, एकेक ओढून बघा. जो सुटेल तो आपला."

त्याने न कुरकुरता सगळे मांडले. कडेला खाचा असलेला एक जाडसर कनेक्टर मी उजव्या मनगटाखाली दाबून धरला आणि डाव्या चिमटीने ओढला. सुटला की!

"गाडीच्या करंटला पुरेल ना?" मी दुकानदाराला विचारलं.

"पुरून उरेल!"

सूनबाईने गाडीला, चार्जरला, सगळ्या बॅटऱ्यांना तोच सोल्डर करून जोडला. रविवारी मैदानात मी स्वतः बॅटरी बदलली. ती शेजारीच उभी होती, हात मुद्दाम पाठीमागे बांधून.

"पोरी, फार मोठं काम केलंस."

"मग एक फेरी मला मारू द्या," ती म्हणाली, आणि मी रिमोट तिच्या हातात दिला.