शेजारच्या सीटवरचा दिवा

मी गाडीचं छत बोलतोय. वरचा पत्रा नव्हे. तो ऊन खातो, धूळ खातो आणि त्याची मिजासही तशीच. मी आतला. तुम्ही गाडीत बसलात की डोक्यावर जे फिकट राखाडी कापड असतं, तो मी. असतं म्हणालो, दिसतं म्हणालो नाही, कारण माझ्याकडे कुणी बघत नाही. कंटाळा आला किंवा डोळ्यांतलं पाणी मागे परतवायचं असलं, की तेवढ्यापुरती माणसं मान वर करतात. बाकी वेळ मी असून नसल्यासारखा.

कापड हा माझा नुसता चेहरा. खरं काम पाठीवर चालतं. पाठीवरून तारा जातात. एक दिव्याची, एक माइकची, एक अपघातात फुगणाऱ्या पिशवीची. या तारा लोंबता कामा नयेत, पत्र्याला घासता कामा नयेत आणि वाजता तर मुळीच कामा नयेत. म्हणून माझ्या पाठीवर प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा चिकटवलेल्या असतात. प्रत्येक क्लिप आपली तार चिमटीत धरून बसते.

या क्लिपा कुठे बसवायच्या, हे ठरवणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे छतवाल्या बाई म्हणत. त्या चिडत नसत. माझा नमुना टेबलावर उपडा टाकायचा, तारा बसवायच्या, मग दोन्ही हातांनी तो गदागदा हलवून कान लावायचा, ही त्यांची पद्धत. जरा कुठे खुट्ट झालं की पुन्हा पहिल्यापासून. हे मला कसं ठाऊक म्हणाल, तर पुढे गाडी चालवताना बाईच सांगायच्या. गाडीत माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, समोर बघतात. त्यामुळे बरंच खरं बोलून जातात.

एकदा त्यांनी सांगितलं होतं, की चालकाच्या शेजारच्या सीटवर, दिव्याच्या जरा मागे, तार वळते तिथे एका सहकाऱ्याने आणखी एक क्लिप सुचवली होती. म्हणाला, "इथे खालून दाब आला तर ही एकटी सुटेल." बाई हसल्या होत्या. "दाब येईल कुठून? छताला कोण हात लावतं?" आता यात त्यांचं काय चुकलं? मी स्वतः तिथे असतो तर हेच म्हणालो असतो.

आम्ही सगळी छतं गाड्यांत बसून बाहेर पडलो आणि त्यातली नेमकी माझी गाडी बाईंनीच घेतली. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. मागे मास्तरांची आई. तिला मी मनातल्या मनात म्हातारी म्हणतो, त्यात अनादर काही नाही. मास्तर भारी चेष्टेखोर. रस्त्यात खड्डा आला की कानामागे हात धरून विचारायचे, "छतवाल्या बाई, काही वाजलं का?" बाई म्हणायच्या, "तुमची जीभ तेवढी वाजतेय." मागून म्हातारी खुसखुसायची. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार आवडायचे.

मग मास्तर आजारी पडले. सुरुवातीला सीट सरळ असायची, पुढे ती मागे पाडावी लागली. दवाखान्यातून परत येताना मास्तर आडवे पडून यायचे आणि डोळे उघडले की समोर मीच. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे इतका वेळ टक लावून बघत होतं. रस्त्याला वळण आलं की त्यांच्या पोटात कळ यायची. ओरडलं तर मागे आईला कळेल, म्हणून ते हात वर करायचे, चार बोटं माझ्यात रोवायचे आणि वळण संपेपर्यंत दाबून धरायचे. बाईंना वाटायचं, आधारासाठी धरलंय. म्हातारीला वाटायचं, पोरगा आळस देतोय. बोटांना काय थरथर होती ते एकट्या मला माहीत.

अशाच एका परतीच्या वाटेवर माझ्या पाठीवरची ती एकटी क्लिप सुटली. बारीकसा आवाज झाला. मास्तरांना तो ऐकू आला असावा, कारण त्यांचे ओठ हलले. नेहमीचा प्रश्न विचारायचा होता, पण तेवढी ताकद उरली नव्हती.

मास्तर गेल्यावर गाडी बरेच दिवस इमारतीखाली झाकून ठेवली होती. आच्छादनाखाली दिवस आणि रात्र सारखीच. एके दिवशी आच्छादन निघालं. बाई पुढे बसल्या, म्हातारी नेहमीप्रमाणे मागे. शेजारची सीट मोकळी, अजून मागे पाडलेलीच. ती सरळ करायला दोघींपैकी कुणीही हात लावला नाही.

कोपऱ्यावर गाडी वळली आणि मोकळ्या सीटवरचा दिवा लागला.

गाडी सरळ झाली, दिवा विझला. पुढच्या वळणाला पुन्हा लागला.

"आला गं," म्हातारी म्हणाली. "माझा राजा आला."

मास्तरांना ती लहानपणापासून राजा म्हणायची. कुठली तार सुटलीय, कुठे पत्र्याला टेकतेय, वळणावरच का टेकतेय, हे बाईंना पहिल्याच क्षणी कळलं असणार. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन काढून दाखवलं असतं. पण त्या म्हणाल्या, "असेल, आई."

हे दोन शब्द फार महागात पडले. म्हातारीने मनाशी पक्कं धरलं. रोज संध्याकाळी ती किल्ली मागून खाली उतरायची आणि मागच्या सीटवर येऊन बसायची. बसताना गाडी हलायची, तार टेकायची, दिवा लागायचा. मग तिच्या गप्पा सुरू. नळाला पाणी कमी येतंय. समोरच्या वकिलाने पुन्हा कुत्रा पाळलाय. "तुझी बायको जेवत नाही रे धड. मी बोलले तर हूं म्हणते आणि ताट सरकवते. तू सांग तिला." दिवा मिणमिणला की तिला उत्तर मिळायचं. लिफ्ट दुरुस्त करायला येणारा माणूस एकदा काचेतून वाकून म्हणाला, "आजी, कुणाशी बोलताय?" ती म्हणाली, "लेकाशी. तुझं काय काम आहे?" तो बिचारा काढता पाय घेऊन गेला.

मला मात्र धडकी भरली होती. दिवा लावणारी तार निरुपद्रवी. ती पत्र्याला टेकली तर फार तर दिवा लागतो. पण तिच्या अंगाला अंग लावून दुसरी तार जाते, तिच्यात सदैव वीज असते. पत्र्याच्या धारेवर तिचीही साल सोलली जात होती. ती उघडी पडली की ठिणगी. फ्यूज असतो, तो वेळेवर उडाला तर ठीक. पण फ्यूजचा भरवसा किती धरायचा? ठिणगी पडली तर पडणार माझ्यावर, आणि मी तर फोम आणि कापड. खाली म्हातारी गप्पा मारत बसलेली. ओरडावंसं वाटायचं, पण आवाज करू नये म्हणूनच मला घडवलेलं.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या हत्यारांची पेटी घेऊन खाली यायच्या, दार उघडायच्या, माझ्या कडेला बोट लावायच्या आणि तशाच परत जायच्या. एकदा एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. मोठ्या चौकातल्या वर्तुळाला त्यांनी फेरी मारली, मग आणखी एक, मग आणखी. मागचा टेम्पोवाला शिव्या देऊन गेला. दिवा लागलेला होता. त्या उजेडात मोकळ्या सीटकडे न बघता बाई हळूच म्हणाल्या, "विचारा ना. काही वाजलं का, विचारा." त्या दिवशी मला समजलं की पेटी परत का जाते. म्हातारीसाठी थांबल्यात असं त्या स्वतःला सांगत होत्या, इतकंच.

शेवटी व्हायचं ते झालं. म्हातारी संध्याकाळची येऊन बसली, दिवा लागला आणि माझ्या पाठीत चटका बसला. कापडावर तपकिरी डाग उमटला. जळका वास सुटला, तरी म्हातारी वकिलाच्या कुत्र्याचंच सांगत होती. नशीब, की बाई तेवढ्यात कामावरून परत येत होत्या. त्यांनी दार ओढलं, म्हातारीला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुढे जाऊन बॅटरीची तार उपसली. दिवा विझला.

"काय केलंस हे?" म्हातारीने तिचा हात झिडकारला. "त्याला विझवलंस?"

"आई, आग लागली असती. आत तुम्ही होतात."

"लागली असती तर लागली असती."

"आणि मी? मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं मग?" बाईंचा आवाज फाटला. "ते नव्हते, आई. तार होती. सुटलेली तार. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

म्हातारी जिना चढून गेली. लिफ्टकडे तिने बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला उतरवलं. दिवा काढला, आरसा काढला, कडेच्या पट्ट्या सोडवल्या आणि मागच्या दारातून मला बाहेर ओढून भिंतीला उभं केलं, पाठ त्यांच्याकडे. सुटलेली क्लिप तारेला लटकत होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. डिंक चांगला होता, क्लिप शाबूत होती. ती आपोआप सुटणारी नव्हती. खालून कुणीतरी दाबल्याशिवाय नाही. त्यांनी मला फिरवलं. डागाच्या शेजारी, सकाळच्या तिरप्या उजेडात, कापडावर चार खळगे दिसत होते. जवळजवळ, एका रांगेत. बाईंनी त्यांत आपली बोटं ठेवून पाहिली. खळगे मोठे होते.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. मास्तर गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. मग वर जाऊन त्यांनी म्हातारीला हाताला धरून खाली आणलं.

"आई, वळण आलं की ते वर हात लावायचे, आठवतंय? आळस नव्हता तो. त्यांना दुखायचं. या त्यांच्या बोटांनी क्लिप सुटली. म्हणून दिवा लागत होता."

म्हातारीने खळग्यांवरून हात फिरवला. खूप वेळ फिरवला.

"मग मी तरी वेगळं काय म्हणत होते?" ती म्हणाली.



गाडीत नवीन छत आलं. तार वळते तिथे बाईंनी ती जास्तीची क्लिप बसवली, आणि आता कुठल्याही कोपऱ्यावर दिवा लागत नाही. मला भंगारात द्यायचं होतं, पण म्हातारी आडवी आली. आता मी तिच्या खोलीत, पलंगामागे भिंतीला उभा आहे. गाडीचं छत घरात ठेवलेलं पाहून येणारे-जाणारे तोंडात बोट घालतात. घालू देत.

माझी एक अडचण आहे, ती तेवढी सांगतो. माझ्या कापडाखाली मऊ फोमचा एक थर आहे. दाब निघाला की तो हळूहळू पुन्हा वर येतो. बाईंनीच तो तसा निवडला होता, छतावर कसलीही खूण राहू नये म्हणून. त्यामुळे मास्तरांची बोटं माझ्यातून बुजत चालली होती. मी खूप प्रयत्न केला, पण माझं माझ्यावर काही चालत नाही.

म्हातारीच्या ते लक्षात आलं असावं. रोज संध्याकाळी ती पलंगावर गुडघे टेकून त्या चार जागी आपली बोटं दाबते. ती आंघोळीला गेली की बाई चोरपावलांनी येतात आणि त्याही दाबतात. दोघींना एकमेकींचं ठाऊक नाही. खळगे अजून तसेच आहेत, पण ते आता कुणाचे आहेत, हे मला सांगता यायचं नाही.

आणि कधी भर दुपारी दोघी बाहेर गेलेल्या असतात, दाराला कुलूप असतं, तेव्हा मला त्या चार जागी दाब जाणवतो. घट्ट, थरथरता, वळण संपेपर्यंत धरून ठेवल्यासारखा. भास असेल. तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर दोघींना हे कळू देऊ नका. किंवा कळू द्या. मला खरंच ठरवता येत नाही.