वकिलाने पळवलेले दात

आमच्या घरी दातांना तोटा नाही. माझा नवरा कवळ्या तयार करतो. गावातले दंतवैद्य मापं पाठवतात आणि हा मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चमकवतो. ओले जबडे वाळायला परसातल्या भिंतीवर मांडलेले असतात. नवीन माणूस आमच्या परसात आला की आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग हसतो. मला त्याचं आता काही वाटत नाही. पण ज्याच्या घरात एवढे दात, त्याच्याच आईचे सगळे दात हिरड्या सुजून काढावे लागले, आणि तिथून घराला जी नाट लागली ती लागलीच.

माझे सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पानातली चूक त्यांना हातभर लांबून दिसायची. गेली काही वर्षं त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी शेजारी गेले, मग मी गेले, मग पोटचा मुलगा ‘तो दातवाला’ झाला. आईंना मात्र ते कधी विसरले नाहीत. ‘अगं’ अशी हाक आली की आई हातातलं काम टाकून जायच्या. दात काढल्यावर त्यांचे गाल बसले, ओठ आत गेले, आणि त्याच आठवड्यात बाबांनी त्यांना विचारलं, “बाई, आपण कोणाकडे आलात?”

आईंना आधी ती थट्टा वाटली. पण झोपायच्या वेळी बाबा खोलीच्या दाराशीच अडून राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “परक्या बाईंच्या खोलीत मी झोपणं बरं दिसत नाही.” दुखण्यापेक्षा त्यांचा सभ्यपणाच नडला. आईंनी उशी उचलली आणि त्या बाहेरच्या खोलीत, माझ्या शिवणयंत्राशेजारी झोपू लागल्या. उभा जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्याच्या दृष्टीने त्या आता पाहुण्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे, आणि बघवलं नाही की मी भांडी आपटते. त्या दिवसांत आमच्याकडच्या बऱ्याच भांड्यांना पोचे आले.

आमची सगळी भिस्त कवळीवर होती. नवऱ्याने त्या कवळीत जीव ओतला. असे दात त्याने आजवर कोणाला केले नसतील. प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखे सरळ, एका उंचीचे, एकसारखे. आईंनी कवळी बसवली, गाल भरले, आणि आम्ही तिघं परसात गेलो. बाबा लगबगीने उठले, आपली खुर्ची पुढे करून म्हणाले, “बसा ना. घरातली मंडळी येतीलच एवढ्यात.” आई बसल्या. दुसरं करणार काय? डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोय, दातांचा काही संबंध नाही. आम्ही ते मान्य केलं.

बाबा दिवसभर परसातच असायचे. माणसांची नावं गेली होती, पण तिथल्या जनावरांना त्यांनी नवी नावं दिली होती आणि ती ते कधी विसरत नसत. भिंतीवर येणारा एक कावळा होता. मान या बाजूला, मग त्या बाजूला करून तो दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी पावाचा तुकडा स्वतःच उचलायचा. त्याचं नाव वकील. नळाखाली पडलेल्या जुन्या जबड्यात एक बेडूक मुक्कामाला होता, तो साहेब. मी बादली घेऊन गेले की बाबा हळूच सांगायचे, “साहेब बैठकीत आहेत.” आणि मी मुकाट्याने बादली घेऊन उभी राहायची. एकदा खारीने दोन दात रोवलेली मेणाची वडी पळवली. फांदीवर बसून चावली, थुंकली, आणि चव आवडली नाही म्हणून वरून आम्हालाच शिव्या घातल्या. माझा नवरा हातात चप्पल घेऊन झाडाखाली नाचत होता. बाबा शांतपणे म्हणाले, “जाऊ दे. पोटात दात आले तर तिलाच त्रास.”

एके दुपारी जेवण झाल्यावर आई नळावर चूळ भरत होत्या. वरची कवळी धुऊन त्यांनी क्षणभर भिंतीवर ठेवली. थोड्या वेळाने तोंडावर पदर धरून त्या स्वयंपाकघरात आल्या. “अगं, माझे दात गेले.”

“वकील घेऊन गेले,” बाबा मागून म्हणाले.

“बाबा, तुम्ही जरा गप्प बसा हो,” मी म्हणाले. मी खरकटं उपसलं, पिठाचा डबासुद्धा उघडून पाहिला. नवऱ्याने मोरीच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. आई वाळत घातलेले कपडे झटकत होत्या. बाबा प्रत्येकाच्या मागे फिरून तेच सांगत होते, “तिकडे गेले, छपराकडे. वकीलच. मी पाहिलं ना.” वेड्याचं कोण ऐकतंय? एवढ्यात पत्र्यावर खडखडाट झाला आणि आम्ही वर पाहिलं. छपराच्या कडेवर वकीलसाहेब बसले होते, आणि त्यांच्या चोचीत माझ्या सासूबाईंचं हसू होतं.

नवरा शिडी लावून वर चढला. वकिलाने त्याला जवळ येऊ दिलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, आणि उडाला. कवळी त्याच्या चोचीतून सुटली ती थेट नळाच्या दगडावर, साहेबांच्या पुढ्यात. साहेब तसूभर हलले नाहीत. मी तिथेच मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शिडीवर नवरा हसत होता. आई पदराआड हसत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. किती दिवसांनी हसल्या होत्या त्या. बाबाही हसले, पुढे होऊन त्यांनी कवळी उचलली आणि आईंपुढे धरली. “तुमची का ही? माफ करा हं बाई. आमच्याकडचे वकील जरा आगाऊ आहेत.”

आईंचे खांदे हलायचे थांबले. त्यांनी कवळी घेतली. पुढचा एक दात निखळला होता.

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही, पण तो निघाला बाबांवर. “एवढे कावळे येतात,” मी फटकन म्हणाले, “सगळे मेले काळेच. त्यातला हाच वकील, हे बरं तुम्हाला ओळखू येतं?”

छापखान्यात नवीन आलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस वाकडं आहे. सगळंच बरोबर असेल तर माणसाने ओळखायचं कशावरून?”

नवरा शिडी उतरत होता. तो मधल्याच पायरीवर थांबला आणि आईकडे बघत राहिला.

आईंच्या खऱ्या दातांतला वरचा एक दात वाकडा होता. शेजारच्यावर पाय टाकून बसल्यासारखा आडवा. मी या घरात पहिल्यांदा आले तेव्हा मला आधी तो दात दिसला आणि मग आई दिसल्या. फोटो काढताना त्या ओठ मिटून घ्यायच्या. लहानपणापासून नवऱ्याच्या मनात होतं, की मोठं होऊन आईचा तो दात सरळ करायचा.

मागच्या खोलीत तो बराच वेळ कवळी हातात धरून बसला होता. “मी तिला चांगले दात दिले गं,” तो मला म्हणाला. “इतके चांगले तिचे कधीच नव्हते.” मग त्याने निखळलेला दात जागेवर बसवला, आणि त्याच्या शेजारचा, काहीही न झालेला, आपल्या हाताने कापून काढला. तिथे मेणात नवा दात आडवा रोवला. आई आरसा घेऊन शेजारी बसल्या होत्या. “अजून थोडा,” त्या म्हणाल्या. “एवढा शहाणा नव्हता तो.”

“आई, लोक म्हणतील याला दात बसवता येत नाहीत.”

“म्हणू देत. हसतील त्यांचे दात दिसतील.”

कशासाठी हे चाललंय, ते आमच्यापैकी कोणीच तोंडाने बोललं नाही. मला तर भीतीच वाटत होती. याही वेळी बाबांनी खुर्ची पुढे केली असती, तर आईंकडे धरून ठेवायला काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी कवळी बसवली आणि बाबांचा चहा घेऊन त्या परसात गेल्या. मी दारातच थांबले. नवरा माझ्यामागे उभा होता, हाताला प्लास्टर तसंच. आईंनी कप पुढे केला आणि त्या हसल्या. तोंडावर हात नेला नाही.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. कप त्यांनी घेतलाच नाही.

“अगं,” ते म्हणाले, “होतीस कुठे इतके दिवस?”

आईंच्या हातातला चहा बशीत सांडला. “इथेच होते.”

“इथे कुठे? मी रोज वाट बघत बसलोय.” त्यांनी आईंना मनगटाला धरून शेजारी बसवलं आणि ते रडले, अगदी लहान मुलासारखे. आईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. मीही दाराला टेकून रडले, मला लाज वाटली नाही.

जरा शांत झाल्यावर बाबांनी घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “तू नव्हतीस ना, तेव्हा एक बाई यायच्या. माझं खाणंपिणं, कपडे, सगळं त्यांनीच केलं. मी मेल्याने त्यांना कधी नावसुद्धा विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत झोपायच्या बिचाऱ्या.” ते थांबले, मग आईंचा हात घट्ट धरून म्हणाले, “तू आलीस म्हणून त्यांना लगेच जा म्हणू नकोस हं. त्यांना दुसरं कोणी असेलसं वाटत नाही.”

“नाही म्हणत,” आई म्हणाल्या. “राहू देत त्यांना.”