आत्याबाईचा ठिपका

वन्यप्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत एका बाईला सगळे ठिणगी म्हणत, तेही ती जिना उतरून गेल्याची खात्री झाल्यावर. एकदा म्हणे तिनं रागाच्या भरात डबा मांडीवर धरला, तर आतली भाजी करपली. ड्रायव्हरकाका हे शपथेवर सांगतात. काकांच्या शपथा फार स्वस्त, हे खरं. पण त्या सोमवारचा राग कुणी फुगवून सांगायची गरज नाही.

ठिणगीचं काम म्हणजे लांडग्यांच्या मागावर राहणं. लांडगीला गुंगीची सुई मारायची, ती निजली की गळ्यात कॉलर बांधायची. मग ती कॉलर उपग्रहांकडून आपली जागा समजून घेते आणि तासातासाला संस्थेच्या नकाशावर एक ठिपका टाकते. ठिपके पांगले, म्हणजे जनावर हिंडतंय. गुच्छ झाला, म्हणजे शिकार तरी झाली नाहीतर पिल्लं तरी. आणि कॉलर दिवसभर हललीच नाही, तर ती आपणहून कळवते की जनावर गेलं.

तिच्या आवडत्या लांडगीचं नाव आत्याबाई. दुसऱ्यांच्या कळपांत नाक खुपसून आल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे, म्हणून. यंदा आत्याबाईचे ठिपके ओढ्याकाठी गुच्छ करून बसले. ठिणगीनं दुर्बीण लावली. दोन पिल्लं! ती अशी हसली, की काकांनी घाबरून गाडीचं बॉनेट उघडलं. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

आणि साहेबांनी काय करावं? साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. त्यांनी तो नकाशा उभ्या जगाला उघडून दिला. फोन काढा, आत्याबाई आत्ता कुठं आहे ते पाहा!

रविवारी ओढ्याकाठी गाड्याच गाड्या. आत्याबाईनं पिल्लं तोंडात धरून बीळ बदललं. ठिपका सरकला, गाड्याही सरकल्या. तिनं पुन्हा बीळ बदललं. या धावपळीत एक पिल्लू चाकाखाली आलं.

सोमवारी ठिणगीनं ते फडक्यात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. चहाच्या कपाला चिकटून.

"हे काय?"

"तुमचे प्रेक्षक याच्यावरून गेले."

साहेबांनी कप उचलून लांब ठेवला. "वाईट झालं गं. पण लोकांना प्राणी आवडायला लागलेत, हेही बघ ना."

"नकाशा बंद करा. आत्ता."

"तू फार मनाला लावून घेतेस. आणि आत्याबाईचं काही बरंवाईट झालंच, तर दुसरीला घालू की कॉलर. लांडग्यांना काय तोटा?"

ठिणगी गप्प राहिली. दाराशी उभे असलेले काका दोन पावलं मागं सरले. ती ओरडते तेव्हा भ्यायचं नसतं, गप्प बसते तेव्हा भ्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

तिनं ते फडकं उचललं, ओढ्याकाठी पुरलं आणि आत्याबाई दडली होती त्या झुडपांकडं हातातलं यंत्र रोखून बटण दाबलं. असं बटण दाबलं की कॉलरची खीळ दुरूनच सुटते. आत्याबाईनं मान झटकली, पडलेली कॉलर हुंगली आणि चालू पडली.

"निरोपसुद्धा घेतला नाही," काका म्हणाले.

"कशाला घेईल? पाहुणे काय कमी छळून गेले?"

"मग ही कॉलर आता कपाटात टाकू?"

"कपाटात पडली की उद्या सांगेल जनावर मेलं, आणि परवा तो माणूस दुसरीची मान धरेल. हिला चालतंफिरतं जनावर पाहिजे, काका."

साहेबांच्या जीपमागं स्टेपनी टांगलेली असे, वर जाडं कव्हर. गाडीच्या आत ठेवली तर पत्र्याखालून आकाश दिसत नाही, ठिपका उमटत नाही. कव्हराखाली मात्र कॉलर झकास बसली.

आठवडा उलटायच्या आत साहेबांनी भर सभेत छाती फुगवून सांगितलं, "आत्याबाई माणसाळली! सकाळी आपल्या आवारात येते. दुपारी बेकरीमागं रेंगाळते, उष्ट्यावर जगत असावी बिचारी. आणि संध्याकाळी थेट माझ्या बंगल्याशी विसावा घेते!" वर्तमानपत्रांनीही ते छापलं.

ठिणगी मागच्या खुर्चीत मुठी आवळून बसली होती. हसू आलं नाही तिला. फडकं पुरल्याची माती अजून नखांत होती.

मग रविवार उजाडला. बंगल्याच्या कुंपणावर माणसं, पेरूच्या झाडावर माणसं, पाण्याच्या टाकीवर कॅमेरे. साहेबांच्या सासूबाईंनी झाडांना पाणी घालायची नळी उचलून त्या गर्दीला असं झोडपलं, की गल्लीतून होड्या चालल्या असत्या. पण पाणी संपलं आणि माणसं संपेनात.

साहेब संस्थेत धावत आले, एका पायात चप्पल, एका पायात बूट.

"बंद कर तो नकाशा! सासूबाई न्हाणीघरात कोंडून बसल्यात. तिथल्या खिडकीतही एक जण आहे!"

"लोकांना प्राणी आवडायला लागलेत, साहेब."

"अगं, माझं घर आहे ते!"

"आणि ओढ्याकाठी तिचं काय होतं? दुकान?" ठिणगीचा आवाज भिंतींना लागून परत आला. "पासवर्ड तुमच्याकडे आहे. बसा आणि बंद करा."

साहेबांनी नकाशा बंद केला. मग तिनं त्यांना जीपपाशी नेलं आणि कव्हराखालून कॉलर ओढून काढली. साहेबांचा चेहरा भाजल्या वांग्यासारखा झाला.

"काढून टाकीन तुला!"

"टाका. कारणही लिहा. संचालक आठवडाभर स्वतःचाच माग काढत होते, आणि स्वतःला माणसाळलेलं समजत होते."

काकांना मोठ्ठा खोकला आला.

"बेकरीचं सासूबाईंना कुणी सांगू नका," साहेब हळूच म्हणाले.

"त्यांनी पेपर वाचलाय. आणि नीट ऐका. यापुढं कुठल्याही मानेवर कॉलर चढली, तर ठिपका फक्त मला दिसेल. तोही शिळा, जनावर पुढं निघून गेल्यावर."

साहेबांनी मान डोलावली.

राग निवला म्हणता? छे! रागातच ती ओढ्यावर गेली. आता ठिपका नाही, काही नाही. तरुणपणी फिरायची तशी वाकून रेती बघत फिरली. वळणाशी ओल्या रेतीत आत्याबाईची पावलं होती, आणि शेजारी इवलीशी, घाईघाईची. एकाच पिल्लाची.

"फोटो काढू?" काकांनी फोन वर केला.

"ठेवा तो खिशात!"

आणि तिनं बुटानं ती पावलं पुसायला घेतली, एकेक करून, दात आवळून, जणू रेतीखाली साहेबांचं नाक होतं.